टपावरची कापडी कार्गो बॅग: संसार हलवायला कितपत कामाची?

दोघांचा संसार गाडीत घालून दूर मुक्काम हलवायचा तर ही बॅग घ्यावीच, पण फक्त उशा, पांघरुणं आणि कपड्यांसाठी. भांडी-पुस्तकं डिकीत, सीटच्या पाठीला टेकवून. टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं, हे हमखास विसरलं जातं.

चेन मागच्या बाजूला ठेवा, नाहीतर वाऱ्याच्या माऱ्याने पाऊस थेट आत घुसतो. शिवणीतूनही पाणी झिरपतं, म्हणून कपडे आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरा. सपाट ताणलेले पट्टे वेगात थरथरून घूं घूं करतात. प्रत्येकाला एक पीळ दिला की आवाज जातो. सामान दबतं तसे पट्टे सैलावतात, त्यामुळे ३०-४० किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा.