कार्ब्युरेटर जुळवायला आर्डुइनो की पारदर्शक नळी?

मित्राकडे दोन कार्ब्युरेटरची (इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे भाग) जुनी जीएस५०० मोटरसायकल आहे. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरते. दोन्ही कार्ब्युरेटरची हवेची ओढ (व्हॅक्यूम) सारखी करायला हवी. आता ती ओढ मोजायला घरीच डिजिटल यंत्र बनवावं की फळीवर तेल भरलेली यू आकाराची नळी ठोकावी, असा त्याला प्रश्न पडलाय. नळीची दोन टोकं दोन कार्ब्युरेटरना लावली की तेलाची पातळी फरक दाखवते.

खर्चात नळी सरळ जिंकते. चार-पाच मीटर पारदर्शक नळी, फळी आणि टू-स्ट्रोक ऑइल, दोन-तीनशेत काम होतं. डिजिटलला दोन एमपीएक्स४११५ दाब-सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि डिस्प्ले लागतो, म्हणजे हिशोब हजारांत जातो. वर सोल्डरिंग आलंच.

अचूकतेत मात्र गंमत आहे. आर्डुइनो उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि सेन्सर दाबाच्या दर किलोपास्कलला सुमारे ४६ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एक पायरी ०.१ किलोपास्कलची, नळीत पाणी भरलं तर सेंटीमीटरभर. नळीत तर दोन मिलिमीटरही डोळ्यांना दिसतात! शिवाय दोन सेन्सर एकसारखं बोलत नाहीत. दोन्ही टी-जोडाने कार्ब्युरेटरच्या एकाच व्हॅक्यूम पोर्टला लावून फरक आधी वजा करायचा.

नळीचा धोका वेगळा. कार्ब्युरेटरची जुळणी फार बिघडलेली असेल तर तेल सरळ इंजिनात. माझं एकदा गेलं. गल्लीभर पांढरा धूर आणि शेजारच्या काकू खिडकीत. नळीत बारीक छिद्राचा जेट अडकवला की तेल इतकं उसळत नाही.

दोन सिलिंडर, वर्षातून एकदा: नळी. चार कार्ब्युरेटर, मित्रांच्या गाड्याही, शिवाय कोडिंगची हौस: डिजिटल. मित्राला नळीच सांगितली.