सेन्सर नेटवर्क बॅटरीवर चालवायचंय: कॉन्टिकीमॅक, टीएससीएच की लोरावॅन?

बॅटरी खाते ती संदेश पाठवण्याची क्रिया, असं गृहीत धरून बरेच जण प्रोटोकॉल, म्हणजे नोडने (जाळ्यातल्या एकेका सेन्सर-यंत्राने) कधी बोलायचं नि कधी ऐकायचं याचे नियम, निवडतात. सीसी२४२० या जुन्या, संशोधनात खूप वापरल्या गेलेल्या रेडिओ चिपचे आकडे पाहा: पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, ऐकताना १८.८. म्हणजे नुसतं ऐकत बसणंच महाग. २५०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी सतत ऐकत राहिल्याने साडेपाच दिवसांत रिकामी होते. त्यामुळे नोड कान कधी उघडतो, हे मी आधी बघतो.

कॉन्टिकी या सेन्सरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या कॉन्टिकीमॅक (२०११) मध्ये नोड सहसा सेकंदाला ८ वेळा क्षणभर जागा होऊन चाहूल घेतो आणि काही नसेल तर परत झोपतो. पाठवणारा पोच मिळेपर्यंत तेच पॅकेट (छोटा संदेश) पुन्हा पुन्हा पाठवतो आणि समोरच्याची जागं होण्याची वेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे पुढच्या वेळी कष्ट वाचतात. घड्याळं जुळवायची भानगड नाही. मात्र सगळ्यांना एकदम काही सांगायचं झालं, तर दोनदा जागं होण्यामधल्या पूर्ण कालावधीभर पॅकेट पाठवत राहावं लागतं. शेजारी वायफाय असेल तर नोड उगाचच जागे होतात. शिवाय कॉन्टिकीच्या नव्या अवतारातून, म्हणजे कॉन्टिकी-एनजीतून, तो वगळला आहे. नवं काम सुरू करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

टीएससीएच (वेळ वाटून घेऊन चॅनेल बदलत राहण्याची पद्धत) २०१२ च्या ८०२.१५.४ई या कमी विजेच्या रेडिओंसाठीच्या मानकात आलं. इथे वेळेचे साधारण १० मिलिसेकंदांचे तुकडे असतात आणि कोणत्या तुकड्यात कोण, कोणत्या चॅनेलवर बोलणार हे आधीच ठरलेलं असतं. बाकी वेळ झोप. चॅनेल सतत बदलत असल्याने एखाद्यावर गोंगाट असला तरी निभावतं. खर्च आहे तो घड्याळाचा. दोन्ही नोडच्या क्रिस्टलची (घड्याळाच्या स्फटिकाची) चूक २० पीपीएम (दहा लाखांत वीस) धरली, तर त्यांच्यात सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांपर्यंत फरक पडतो. १ मिलिसेकंदाची सूट ठेवली, तर २५ सेकंदांच्या आत वेळ जुळवावीच लागते, मग सांगण्यासारखं काही असो वा नसो. नवा नोड जाळ्यात शिरतानाही बीकन (जाळ्याची वेळ कळवणारा संदेश) सापडेपर्यंत रेडिओ चालू ठेवून बसतो. नोड सारखे हलत किंवा रीसेट होत असतील तर हा खर्च डोईजड होतो.

लोरावॅन या लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्याच्या क्लास ए या प्रकारात नोड दुसऱ्याचे निरोप पोचवतच नाही. आपला संदेश पाठवतो, साधारण १ आणि २ सेकंदांनी दोनदा थोडा वेळ ऐकतो आणि झोपतो. दिवसातून मोजक्या नोंदी पाठवायच्या असतील तर याला तोड नाही. पण १२५ किलोहर्ट्झवर एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर; आकडा जितका मोठा, तितका पल्ला लांब पण वेग कमी) ७ असताना वेग सेकंदाला ५४७० बिट, तर एसएफ१२ असताना जेमतेम २५०. गेटवेपासून (नोडचे संदेश झेलून पुढे देणाऱ्या केंद्रापासून) लांबचा नोड तोच मजकूर पाठवायला वीसपटींहून जास्त वेळ घेतो आणि त्याची बॅटरी आधी बसते. नोड स्वतःहून बोलेपर्यंत त्याला आज्ञा देता येत नाही, म्हणून झडप ताबडतोब बंद करण्यासारख्या कामाला क्लास ए नको.

लीच (२०००) हा आणखी एक प्रोटोकॉल प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतो. क्लस्टरचं (नोडच्या गटाचं) प्रमुखपद फिरतं ठेवण्याची कल्पना चांगलीच आहे, पण प्रत्येक नोड थेट मुख्य स्थानकापर्यंत पोचू शकतो हे गृहीतक मोठ्या परिसरात टिकत नाही. मी त्याला उमेदवारांत धरत नाही.

नोड जागचे हलत नसतील, नोंदी ठरावीक वेळाने येत असतील आणि निरोपाच्या मार्गात मधल्या नोडचे दोन-तीन टप्पे असतील, तर मी टीएससीएच घेईन. एकाच गेटवेच्या पल्ल्यात सगळं बसत असेल आणि उलट दिशेने घाईचं काही पाठवायचं नसेल, तर लोरावॅन. तेही सर्वांत लांबच्या नोडच्या एसएफवरून बॅटरीचा हिशेब करूनच.