लाकडाच्या भट्टीतली भांडी म्हणून २६ हजाराला फसवलं, ऑर्डर देण्याआधी हे वाचा

मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे, ४ खोल्यांचं. स्वयंपाक मीच करते आणि पाहुण्यांना मासळीचं जेवण मातीच्या भांड्यातून वाढायचं हे बरेच दिवस मनात होतं. दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात एक स्टॉल दिसला, हाताने घडवलेली, लाकडाच्या भट्टीत भाजलेली, फुलांची नक्षी असलेली भांडी. स्टॉलवाल्याने एक वाटी माझ्या हातात दिली. ती वाटी अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. आतून बोट फिरवलं की चाकाचे वळे लागत होते, एका अंगाला जाळाचा काळपट पट्टा होता, बाहेरून पांढऱ्या मातीने सुरंगीची फुलं काढलेली आणि एक फूल दुसऱ्यासारखं नाही. टिचकी मारली तर खणखणीत वाजली.

घरी येऊन ह्यांच्याशी बोलले आणि ऑर्डर दिली. ४० वाट्या २२० रुपयाने, २४ ताटल्या ४५० ने, ४ मोठी मडकी १६०० ने, म्हणजे २६ हजार. अर्धे आधी, अर्धे माल निघताना. पुढचे तीन आठवडे व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे, धूर निघणारी भट्टी, मांडून ठेवलेली कच्ची भांडी, "ताई, भट्टी लावलीय, थंड व्हायला दोन दिवस जातील." मग एक दिवस फोन, माल बांधून तयार आहे, उरलेले टाका की लगेच ट्रान्सपोर्टला देतो. मी म्हटलं माझ्या मालाचा व्हिडिओ पाठवा, तर म्हणे इथे रेंज नाही. त्यात दुसऱ्या वेळचा क्यूआर कोड भलत्याच नावाचा होता. विचारलं तर "भावाचं खातं आहे ताई". इथेच थांबायला हवं होतं मी, पण पाहुण्यांचं बुकिंग तोंडावर आलेलं आणि मी १३ हजार टाकून मोकळी झाले.

खोके आले. वरवर बघता भांडी सुंदरच, चकचकीत. पण जरा जड वाटली आणि रंगाचा वास येत होता. वाटलं नवीन आहेत, उन्हात ठेवली की जाईल वास. दुसऱ्या दिवशी घरच्यांनाच जेवायला वाढलं आणि एका वाटीत सोलकढी ओतून ठेवली. अर्ध्या तासाने बघते तर आतल्या काठावरच्या फुलाची एक पाकळी सुटून वर तरंगत होती, दुधावरची साय असते ना तशी, बोटाने उचलली तर अख्खी लाल पाकळी हातात आली. ती वाटी माझ्या सासूबाईंच्या पुढ्यात होती. पोटात गोळाच आला माझ्या. आपल्याकडे कोकम, चिंच, आंबट कढी रोज असते आणि भांड्यांच्या काही रंगांत आणि स्वस्त चकचकीत लेपात शिसं असतं, ते आंबटात जास्त उतरतं. माझ्या भांड्यांवरच्या रंगात काय आहे हे कोण सांगणार मला? सगळी त्याच दिवशी बंद केली.

मग एक वाटी आणि एक मडकं घेऊन कुडाळकडच्या ओळखीच्या एका कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी वाटी उलटी केली, काठापासून बुडापर्यंत नख ओढलं आणि मला दाखवलं, "ह्यां बघ वयनी, जोडाची रेघ. ह्यां चाकावरचां न्हय, साच्यातलां." त्यांनी सांगितलं की खरी मातीची नक्षी भांडं कच्चं असतानाच पांढऱ्या मातीच्या घोळाने काढतात, मग भाजताना ती भांड्याचीच होऊन जाते, नखाने कधी निघत नाही. माझ्या वाट्यांवर भाजून झाल्यावर ऑइलपेंटची फुलं काढून वर व्हार्निश मारलेलं. आणि तो जाळाचा काळा पट्टा? काकांनी फडक्यावर थोडं थिनर घेऊन पुसलं तर फडकं काळं! स्प्रे मारलेला होता. घरी येऊन बाकीच्या वाट्या ओळीने मांडल्या, सगळ्यांवर काळा डाग एकाच जागी, एकाच मापाचा. जाळ असा मापात लागत नाही हो, लाकडाच्या भट्टीत प्रत्येक भांड्याला धूर वेगळा लागतो.

मडक्याचंही तेच. लाकडावर भाजलेलं साधं मडकं साधारण १००० अंशाच्या आतच भाजलं जातं, माती सच्छिद्र राहते, पाणी बाहेर झिरपतं आणि वाऱ्याने उडतं म्हणून तर आतलं पाणी गार होतं. मी त्यांचं मडकं रात्रभर भरून ठेवलं, सकाळी बाहेरून कोरडं ठणठणीत आणि पाण्याला व्हार्निशचा वास.

भाच्याने ते भट्टीचे फोटो गुगल लेन्सवर टाकले तर तीच भट्टी, तोच धूर आणखी तीन-चार विक्रेत्यांच्या पानांवर निघाला. स्टॉलवाल्याला फोन केला तर आधी म्हणाला हातकामात फरक असतोच, मग म्हणाला शोपीस म्हणून वापरा, मग ब्लॉक.

कोणी अशी ऑर्डर देत असाल तर कृपा करून नमुन्याची वाटी विकत घेऊन घरीच ठेवा, माझ्याकडे ती नव्हती म्हणून आज शेजारी ठेवून दाखवायला काही नाही. उरलेले पैसे माल हातात आल्यावरच द्या आणि ऑर्डरमध्ये "चाकावरची, लाकडावर भाजलेली, जेवणासाठी" हे शब्द लिहून घ्या. माझ्या चॅटमध्ये "जेवणाला चालतील का" ह्या प्रश्नावर त्याचं "हो ताई, बिनधास्त" आहे, तेवढंच आता कामाला येतंय. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, २ वर्षांच्या आत, आणि ५ लाखापर्यंत फी नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात ओरोसला ग्राहक आयोगात जाणार आहे.

काकांचं मला फार वाईट वाटलं. त्यांच्याकडची वाटी हातात घेऊन आता लोक त्यांनाच विचारतात, ही खरी कशावरून? माणूस सकाळपासून माती तुडवतो आणि वर हे ऐकून घेतो. मी त्यांना १२ वाट्या सांगितल्यात, नक्षीशिवाय. भट्टी लावतील त्या दिवशी बघायला ये म्हणालेत, जाणार आहे.