भंवरकुआँची लायब्ररी: शांतता चोख, डब्याला बंदी

इंदुरात, भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या भागात, हल्ली ‘लायब्ररी’ म्हटलं की पुस्तकं नसतात. टेबल, तिन्ही बाजूंना प्लायचा आडोसा, एसी, वाय-फाय. सगळी कोचिंगची पोरं. त्यांच्यात चौसष्टीची मी. महिना ८०० रुपये, सकाळची पाळी. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “आंटी, आप यहाँ क्या कर रहे हो?”

मला हसूच आलं. आमच्या वाचनकट्ट्यावर मला हिब्रू संदेष्ट्यांच्या एकांतावर बोलायचंय, आणि बायबलात होरेब डोंगरावरच्या गुहेत देव एलिया ह्या संदेष्ट्याला हेच विचारतो. एकदा नाही, दोनदा. घरी, रामबागेत, सकाळी कचरागाडीचं गाणं, मग कुकर, मग ह्यांच्या बातम्या. म्हणून इथे आले.

शांतता चोख आहे, तक्रार नाही. पण एसीची घरघर सतत चालू, ती ऐकू येईनाशी होते एवढंच. एके दिवशी लाइट गेली, इन्व्हर्टर काही लागला नाही, आणि तेव्हा खरं सामसूम झालं. पलीकडची मुलगी ओठांतल्या ओठांत “अनुच्छेद बत्तीस, अनुच्छेद बत्तीस” घोकत होती, ते दोन महिन्यांत प्रथमच कानावर आलं. माझ्यासमोर नेमकं होरेबचंच पान उघडं: वारा, भूकंप, अग्नी, तिन्हींत देव नाही, त्यानंतर, मूळ हिब्रूत, ‘कोल दमामा दक्का’. कोल म्हणजे आवाज, दमामा शांतता, दक्का बारीक. बरेच भाषांतरकार ‘मंद वाणी’ म्हणून मोकळे होतात. मूळ शब्द तसे सुटत नाहीत. शांततेचाच बारीक आवाज, आणि तो ऐकून एलिया झग्याने तोंड झाकून घेतो.

आता तक्रार. आत खायला बंदी. पोळी-भाजीचा डबा जिन्यात बसून खावा लागतो, येणारे-जाणारे पाय चुकवत. अहो, रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलियाला देवदूत उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. त्या बळावर तो चाळीस दिवस चालतो. मालकांना हे सांगितलं. म्हणाले, मुंग्या होतात.

बाथरूम स्वच्छ, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर तिसरा मजला विचारात घ्या. एसीखालची खुर्ची घेऊ नका, मान धरते. मी पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत. यिर्मया, पुढचा संदेष्टा, अजून सुरू व्हायचाय.