कुलूप की दळण? पासवर्ड साठवण्याच्या दोन तऱ्हा

एईएस एनक्रिप्शन आणि एसएचए-२५६ हॅश, दोन्हींतून अगम्य अक्षरंच बाहेर पडतात, म्हणून गल्लत होते. एईएस हे कुलूप आहे. किल्ली असली की मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. किल्ली चोरीला गेली तर चोरालाही मिळतो. हॅश म्हणजे दळण. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

का होत नाहीत? चार अक्षरं द्या की अख्खी मतदार यादी, एसएचए-२५६ मधून २५६ बिटच येतात. आत ६४ फेऱ्या चालतात आणि बेरीज ३२ बिटांपलीकडे गेली की हातचा टाकून दिला जातो. घड्याळात तीन वाजलेले दिसतात, काटा किती वेळा फिरला ते कळत नाही, तसंच. पण हे अर्धंच कारण. उलट जाण्यासाठी अंदाज करत बसण्याहून व्यवहारात उपयोगी पडेल असा मार्ग आजवर कुणालाच सापडलेला नाही. (गणिती सिद्धता नाही, हेही सांगायला हवं.)

पासवर्डसाठी मी हॅशच निवडेन, मात्र नुसता एसएचए-२५६ नाही. '१२३४५६' अंदाजानेच क्षणात सापडतो. प्रत्येकासाठी वेगळा सॉल्ट (हॅश करण्याआधी पासवर्डला जोडलेली कशीही निवडलेली अक्षरं) आणि बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत हवीच.