'बबल बॉबल' : अनेक महिने खेळल्यानंतरचा अनुभव

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलसाठी २०१९ मध्ये आलेल्या 'बबल बॉबल ४ फ्रेंड्स' या व्हिडिओ गेमसोबत १९८६ चा मूळ आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा) 'बबल बॉबल'ही दिलेला आहे. मी खरेदी केली ती नव्या खेळासाठी, पण गेले अनेक महिने आमच्या घरी संध्याकाळी लावला जातो तो जुनाच. म्हणून हा अनुभव त्या जुन्या खेळाचा आहे, आणि मुख्यतः तो खेळायला कसा आहे याविषयी आहे.

जपानमधील टाइटो या कंपनीने हा खेळ काढला आणि त्याची रचना फुकिओ मित्सुजी यांनी केली. बब आणि बॉब हे दोन भाऊ जादूने ड्रॅगन झालेले आहेत. एक हिरवा, एक निळा. एकूण १०० लेव्हल आहेत आणि प्रत्येक लेव्हल एकाच स्थिर पडद्यावर मावते. पडद्यावरचे सगळे शत्रू संपले की पुढची लेव्हल सुरू होते. खेळाडूला डावी-उजवी चाल, उडी आणि तोंडातून बुडबुडा सोडणे एवढेच करता येते. शत्रूला बुडबुड्यात पकडायचे आणि मग अंगाने तो बुडबुडा फोडायचा, हे लहान मुलालाही मिनिटभरात समजते.

या साधेपणामुळे अनेक जण पहिल्या दहा-पंधरा लेव्हल खेळून 'गोड आहे' एवढे म्हणतात आणि खेळ बाजूला ठेवतात. माझ्या मते त्यांच्यापर्यंत खेळ पोहोचलेलाच नसतो. आपल्याकडे ज्यांनी टोप्लान कंपनीचा १९९० चा 'स्नो ब्रदर्स' खेळला आहे, त्यांना हा फरक चटकन कळेल. तिथे शत्रूचा बर्फाचा गोळा झाला की तो कुठल्या दिशेला ढकलायचा हे आपण ठरवतो आणि तो गोळा आपल्यासाठी काम करतो. इथे बुडबुडा तोंडातून सुटला की थोडे अंतर आडवा वेगाने जातो, फक्त तेवढ्याच काळात तो शत्रूला पकडू शकतो, आणि त्यानंतर त्याच्यावर आपली काहीही सत्ता उरत नाही. प्रत्येक लेव्हलमध्ये डोळ्यांना न दिसणारे हवेचे प्रवाह आखून ठेवलेले आहेत. त्या प्रवाहांबरोबर बुडबुडे वर जातात, एखाद्या कोपऱ्याकडे वळतात, कुठे खाली येतात, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एका जागी येऊन गर्दी करतात. ती जागा ओळखणे हेच या खेळातले खरे कौशल्य आहे. आता नवी लेव्हल सुरू झाली की मी आधी दोन-चार रिकामे बुडबुडे सोडतो आणि ते कुठे जातात ते पाहतो. शत्रूंकडे लक्ष त्यानंतर.

याच रचनेवर गुणांची पद्धत उभी आहे, आणि ती मला विलक्षण वाटते. एक शत्रू एकटा फोडला तर १,००० गुण मिळतात. दोन एकदम फोडले तर २,०००, तीन फोडले तर ४,०००, आणि असे दुप्पट होत सात शत्रू एका झटक्यात फोडल्यास ६४,००० मिळतात. एकमेकांना टेकलेले बुडबुडे एकापाठोपाठ फुटतात, त्यामुळे सगळ्यांना पकडून, प्रवाहाने ते एका जागी जमेपर्यंत थांबून, मग एकाच स्पर्शात सगळे फोडणे हा सर्वांत फायद्याचा मार्ग ठरतो. शिवाय अनेक शत्रू एकदम फोडले की अक्षरांचे बुडबुडे येऊ लागतात, आणि इंग्रजी 'एक्स्टेंड' शब्दाची सहाही अक्षरे जमली की एक जादा जीव मिळून खेळाडू थेट पुढच्या लेव्हलला जातो. परंतु पकडलेला शत्रू कायमचा अडकत नाही. फार वेळ गेला की तो बुडबुडा फोडून बाहेर येतो, रागाने लाल होतो आणि आधीपेक्षा वेगाने धावू लागतो. म्हणजे जो जास्त थांबेल त्याला जास्त गुण, आणि धोकाही त्यालाच जास्त. गुण आणि धोका एकाच कृतीत इतके घट्ट बांधलेले मला फार थोड्या खेळांत आढळले आहेत.

थांबण्यालाही मर्यादा घातलेली आहे. बराच वेळ झाला की घाई करण्याची सूचना पडद्यावर येते, उरलेले शत्रू चिडतात, आणि तरीही लेव्हल संपली नाही तर एक पांढरा, सांगाड्यासारखा पाठलाग करणारा प्राणी अवतरतो. त्याला पकडता येत नाही आणि मारताही येत नाही. तो भिंतींची पर्वा न करता खेळाडूच्या दिशेने येत राहतो. सुरुवातीला हा प्रकार जाचक वाटतो, पण तो नसता तर प्रत्येक लेव्हलमध्ये निवांत बसून सगळे बुडबुडे जमवता आले असते आणि वर सांगितलेला सगळा ताण नाहीसा झाला असता.

बुडबुडा हा जिनासुद्धा आहे, हे मात्र खेळ कुठेही सांगत नाही. उडीचे बटण दाबून ठेवून बुडबुड्यावर उतरले तर तो फुटत नाही आणि त्यावरून पुन्हा उडी घेता येते. पुढच्या काही लेव्हलमध्ये वर जायला दुसरा मार्गच नाही. बुडबुडे सोडत, त्यांच्यावर उसळत चढावे लागते. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांना अशा लेव्हल अशक्य वाटतील. नव्या खेळाडूने पहिल्याच लेव्हलमध्ये, जिथे धोका कमी आहे तिथे, याचा सराव करून ठेवावा.

काही लेव्हलमध्ये पाणी, वीज किंवा आग भरलेले खास बुडबुडेही तरंगत येतात. त्यांपैकी पाण्याचा मला सर्वांत आवडतो. तो फोडला की पाण्याचा लोट फळ्यांवरून (ज्यांवर खेळाडू आणि शत्रू चालतात त्या आडव्या पट्ट्यांवरून) खाली वाहत जातो आणि वाटेतल्या शत्रूंसोबत खेळाडूलाही घेऊन जातो. विजेच्या बुडबुड्यातली वीज आपले तोंड असेल त्याच्या उलट दिशेला सुटते, त्यामुळे शत्रूकडे पाठ करून तो फोडावा लागतो. आगीचा बुडबुडा खालच्या फळीवर ज्वाळा पसरतो. याखेरीज बुडबुड्यांची गती आणि पल्ला वाढवणाऱ्या खाऊच्या गोळ्या आहेत, चाल वाढवणारा बूट आहे, काही लेव्हल ओलांडून नेणारी छत्री आहे.

इथेच माझी पहिली तक्रार येते. कोणती वस्तू केव्हा मिळणार हे खेळ आतल्या आत ठेवलेल्या मोजणीवरून ठरवतो. किती उड्या मारल्या, किती बुडबुडे सोडले अशा गोष्टी त्यात धरल्या जातात. रचनाकाराच्या दृष्टीने ही कल्पना सुंदर आहे, परंतु पडद्यावर त्याचा कसलाच मागमूस नसल्यामुळे खेळाडूला वस्तू केवळ नशिबाने मिळाल्यासारख्या वाटतात. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. जीव गेला की गोळ्या आणि बूट दोन्ही जातात, आणि शेवटच्या तिसऱ्या भागातील लेव्हल त्यांच्याशिवाय अतिशय अवघड आहेत. एकदा पडलेला खेळाडू त्यामुळे लगोलग पुन्हा पडतो. मला कठीण खेळ आवडतो, पण ही कठीणता खेळाडूच्या आकलनाची परीक्षा घेत नाही, ती फक्त त्याला खाली दाबते. संगीताबद्दलही सांगायला हवे: तादाशी किमिजिमा यांची मुख्य धून प्रसन्न आहे, मात्र तीच बहुतेक सर्व लेव्हलभर वाजत राहते आणि लांब बैठकीत आवाज कमी करावासा वाटतो.

हा खेळ दोघांनी खेळायचा आहे, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे. एकट्याने शंभरावी लेव्हल गाठून, विजेचे बुडबुडे मारून, बाटल्या फेकणाऱ्या अजस्र शत्रूला हरवले तरी खेळ सांगतो की हा खरा शेवट नव्हे, मित्राला घेऊन या. मी बहुतेक वेळा धाकट्या बहिणीबरोबर खेळतो. दोघे असताना कामे आपोआप वाटली जातात: एक जण खालच्या फळ्यांवरचे शत्रू पकडत राहतो, दुसरा बुडबुडे जमण्याच्या जागेजवळ उभा राहून फोडण्याची वेळ साधतो. एकमेकांच्या बुडबुड्यांनी इजा होत नाही, पण गुण मात्र वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे जमवलेला थवा कोणी फोडायचा यावरून गोड स्पर्धा सुरू होते. सोबत असूनही चढाओढ ठेवणारा हा तोल इतका अचूक आहे की वीस आणि तीस या लेव्हल एकही जीव न गमावता गाठण्यासाठी आम्ही जाणूनबुजून गुणांचा मोह सोडून देतो, कारण तसे केल्यास हिऱ्यांनी भरलेल्या गुप्त खोलीचे दार उघडते आणि तिथल्या भिंतींवर सांकेतिक लिपीत पुढच्या वाटेची सूचना असते.

घ्यायचा विचार असेल तर दुसऱ्या कंट्रोलरची सोय आधी पाहावी. शक्य असल्यास दिशेची वेगळी बटणे असलेला कंट्रोलर निवडावा, कारण बुडबुड्यावर उसळत चढताना ॲनालॉग दांड्याने नेमकी जागा साधणे अवघड जाते.