ठाण्यात क्रॉकरी घेताय? आधी प्लेट उलटी करून बघा
ऑनलाईन मागवलेल्या सेटचे वर्षभरात कडेचे टवके उडाले, म्हणून यावेळी हातात धरल्याशिवाय घ्यायचंच नाही असं ठरवून नौपाड्यातल्या एका जुन्या क्रॉकरीच्या दुकानात गेलो. काका भारी निघाले, विकायची घाईच नाही. म्हणे प्लेट उलटी करा, खालच्या बिनग्लेझच्या (म्हणजे चकचकीत लेप नसलेल्या) कडेवर पाण्याचा थेंब टाका, पटकन शोषला तर माती नीट भाजलेली नाही, चांगलं स्टोनवेअर (जाड, दगडासारखी घट्ट भाजलेली माती) आणि पोर्सिलेन (पांढरी चिनी माती) १२०० डिग्रीच्या आसपास किंवा त्याच्याही वर भाजतात म्हणून पाणी पीत नाही आणि टिकतं. मग टिचकी मारायची, टण्ण वाजलं पाहिजे, बद्द आवाज आला की तडा असणार. बोन चायना दिसते नाजूक पण मजबूत असते, फक्त त्यात हाडांची राख असते हे कळल्यावर सासूबाईंनी हातातली प्लेट लगेच खाली ठेवली 😀 सोनेरी काठ पण नको, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. शेवटी साध्या पांढऱ्या पोर्सिलेनच्या ६ प्लेटा सुट्या घेतल्या, एखादी फुटली तर तशीच परत आणता येईल ना. भाव थोडा जास्त वाटला, घासाघीस चालत नाही. आणि गाडी नेऊ नका, पार्किंगला जागाच नाही, सरळ रिक्षा करा.